अहो सर, विनोद आहे तो!

"अहो सर, विनोद आहे तो. त्याचीही समीक्षा करणार का?" आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या स्वरात राग नव्हता, होती ती कीव. निमित्त होते बर्फावरच्या हॉकीच्या रसिकांनी लिहिलेल्या विनोदी मजकुराचे. हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात, म्हणून आधीच सांगतो की येथे विषय आहे तो उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकीचा. १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगचा. टोरंटोत स्थायिक झालेल्या मावसभावामुळे मला या खेळाचे व्यसन लागले. तेथील संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडील पहाटेचे साडेचार, त्यामुळे हे व्यसन झोप विकून चालवावे लागते. सामन्यांपेक्षाही कांकणभर अधिक मला आवडते ते रसिकांनी सामन्यांविषयी लिहिलेले वाचणे. त्यातील काही मजकुरावर मी शिक्षककक्षात आक्षेप घेतला आणि वरील वाक्य पदरी पडले.

या वाक्यात वरकरणी औदार्य आहे. विनोदाला मोकळे सोडावे, त्याच्यामागे समीक्षेचा दंडुका घेऊन धावू नये, असे ते सुचवते. परंतु जरा खरवडले की खाली तुच्छता दिसते. ज्याची समीक्षा करायची नाही ते वाङ्मय नव्हे, असाच त्याचा अर्थ होतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून चिं. वि. जोशी आणि पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंत विनोदाची मोठी परंपरा असलेल्या भाषेचे अध्यापक जेव्हा विनोदाला अशी सूट देतात, तेव्हा ते त्याचा सन्मान करीत नाहीत, त्याला अजाण ठरवतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. हॉकीच्या रसिकाचा विनोद हा अस्सल वाङ्मयीन ऐवज आहे, आणि म्हणूनच त्याच्यातील खोट दाखवणे हे आपले काम आहे.

आधी अस्सलपणाविषयी. टोरंटो मेपल लीफ्स या संघाने स्टॅनले चषक शेवटचा जिंकला तो १९६७ साली. त्यानंतर पिढ्या आल्या आणि गेल्या, चषक काही आला नाही. या एका वर्षाभोवती तेथील रसिकांनी विनोदाचा जो संसार मांडला आहे, तो पाहून आपल्या भक्तिपरंपरेतील निंदास्तुतीची आठवण व्हावी. आपल्या संतांनी विठ्ठलाशी जशी भांडणे केली, तशीच ही भांडणे आहेत. शिव्या देणारा देऊळ सोडून जात नाही. पुढच्या मोसमाचे तिकीट काढून पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसतो. संघाच्या नावातच व्याकरणाचा अपराध आहे. 'लीफ'चे अनेकवचन 'लीव्हज' व्हायला हवे, ते 'लीफ्स' झाले. ज्यांना शब्दाचे रूप चालवता आले नाही त्यांना चषकाचे काय जमणार, असा युक्तिवाद माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला फारच भावतो. मात्र न्याय असा की चषकावर नावे कोरणाऱ्यांनीही आपल्या मुद्रितशोधकांची लाज राखली आहे. १९६३ सालच्या विजेत्या टोरंटोच्या नावात 'एफ'च्या जागी 'ई' पडला आहे, आणि १९७२ सालच्या बॉस्टनच्या नावात दोन्ही 'ओ' बदलून तेथे 'क्यू' बसले आहेत.

२२ फेब्रुवारी २०२० रोजी तर वास्तवाने सर्व विनोदी लेखकांवर कडी केली. टोरंटोत खेळायला आलेल्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले. अशा आणीबाणीसाठी तेव्हा यजमानांनी एक राखीव गोलरक्षक सज्ज ठेवायचा असे. त्या रात्री तो होता डेव्हिड एअर्स, वय वर्षे ४२, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला. टोरंटोच्या खेळाडूंना सराव मिळावा म्हणून गोलात उभे राहणे हे त्याचे काम, आणि त्याआधी त्याने झँबोनी चालवलेली. झँबोनी म्हणजे मध्यंतरात बर्फ खरवडून पुन्हा गुळगुळीत करणारे यंत्र. या गृहस्थांवर पहिले दोन फटके आले, दोन्ही गोल झाले. पुढचे आठही त्यांनी अडवले. कॅरोलायनाने सामना ६-३ असा जिंकला. आपल्याच घरी, आपल्याच झँबोनीवाल्याकडून हरलेला संघ! चाळिशीतल्या प्रत्येक माणसाला त्या रात्री आपलाच विजय झाल्यासारखे वाटले. आणि टोरंटोच्या रसिकांनी आपल्या जखमेवर स्वतःच मीठ चोळत जे लिहिले त्याला तोड नाही.

डेट्रॉइटचे रसिक बर्फावर अष्टपाद फेकतात. १९५२ साली मासळीच्या धंद्यातील दोन भावांनी तो प्रथम फेकला, कारण तेव्हा चषकासाठी आठ विजय लागत आणि त्या प्राण्याला आठ पाय. त्या वर्षी संघाने ओळीने आठही सामने जिंकले. आज सोळा विजय लागतात. अष्टपादाचे पाय मात्र वाढले नाहीत, म्हणून हिशेबाने दोन फेकावे लागावेत. फ्लोरिडात १९९५ च्या मोसमारंभी स्कॉट मेलनबी या खेळाडूने खोलीत शिरलेला उंदीर काठीने मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले. 'हॅट ट्रिक'च्या चालीवर त्याला 'रॅट ट्रिक' म्हटले गेले आणि प्रेक्षागृहातून प्लास्टिकच्या उंदरांचा पाऊस सुरू झाला. ही लोककथा कशी जन्मते याची प्रात्यक्षिकेच आहेत. आणि ज्यांना अजूनही हे वाङ्मयबाह्य वाटते त्यांनी रॉश कारिए यांची १९७९ सालची 'द हॉकी स्वेटर' ही कथा वाचावी. क्वेबेकमधील एका खेड्यात माँट्रियलच्या संघावर जीव टाकणाऱ्या मुलाला चुकून टोरंटोचा स्वेटर मिळतो, एवढीच गोष्ट; पण फ्रेंच आणि इंग्रजी कॅनडातील सारा ताण त्या लोकरीत विणलेला आहे. त्या कथेतील ओळी पुढे कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापल्या गेल्या. रसिकाच्या विनोदाला याहून मोठी राजमान्यता कोणती?

आता खोटेपणाविषयी.

भरताने नाट्यशास्त्रात कोणत्या रसातून कोणता रस उपजतो हे सांगितले आहे. शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण. बी.ए.च्या विद्यार्थ्यांकडून आपण हे घोकून घेतो आणि परीक्षेनंतर विसरतो. वर दिलेले सारे विनोद पहिल्या वाटेने आलेले आहेत. त्यांच्या मुळाशी प्रेम आहे. एकतर्फी, केविलवाणे, पण प्रेम. हसणारा स्वतःलाच हसतो आहे. परंतु हॉकीच्या रसिकांच्या विनोदाचा दुसराही एक मोठा भाग आहे. मारामारी बघायला गेलो तर मध्येच हॉकी सुरू झाली, हा त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत झिजलेला नमुना. पडलेल्या दातांचे विनोद, 'दांडगे' म्हणून पोसलेल्या खेळाडूंचे विनोद, कोण कोणाला किती ठोसे मारील याचे विनोद. येथे हास्य रौद्रातून काढलेले आहे. भरताच्या हिशेबाने तेथे करुण यायला हवा होता. तो आला नाही, कारण आपण हसून त्याची वाट अडवली.

हे मी रसशास्त्राच्या हट्टापायी म्हणत नाही. डेरेक बोगार्ड हा या दांडग्यांपैकी एक. जन्म सस्कॅचवान प्रांतातला, उंची सहा फूट सात इंच. लीगच्या २७७ सामन्यांत त्याने केलेले गोल तीन. त्याला गोल करण्यासाठी ठेवलेच नव्हते. सहकाऱ्यांच्या वाटेला कोणी गेल्यास त्याला ठोकणे हे त्याचे काम. मिनेसोटाच्या प्रेक्षकांचा तो लाडका होता. नुसता बर्फावर उतरला तरी सभागृह खदखदत असे. १३ मे २०११ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, मद्य आणि वेदनाशामक गोळ्या यांच्या अतिरेकाने तो वारला. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे होणारा, मेंदू झिजवत नेणारा विकार त्यात आढळला. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन झुंजार खेळाडू गेले. पहिला २७ वर्षांचा, दुसरा ३५ वर्षांचा.

१३ मे ही तारीख टोरंटोच्या रसिकांना पाठ आहे, पण वेगळ्या कारणाने. १३ मे २०१३ रोजी बॉस्टनविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात शेवटच्या सत्रात ४-१ अशी आघाडी घेऊन त्यांचा संघ जादा वेळेत ५-४ असा हरला. दरवर्षी त्या दिवशी या पराभवाचे श्राद्ध घातले जाते आणि त्यातील काही मजकूर खरोखरच उत्तम असतो. मीही तो चवीने वाचतो. याच तारखेच्या खाली आणखी एक मृत्यू लिहिलेला आहे, हे माझ्या लक्षात यायला मात्र काही वर्षे लागली. ती वर्षे मला खटकतात. म्हणून हा लेख.

यावर काही आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की मारामारी हा खेळाचा अंगभूत भाग आहे, तिची एक अलिखित आचारसंहिता आहे, आणि तीमुळेच काठीने होणाऱ्या अधिक घातक दुखापती टळतात. आचारसंहिता असेल, द्वंद्वयुद्धालाही होती. लीगच्या नियमात मारामारीला शिक्षा आहे ती पाच मिनिटे बाहेर बसण्याची. ज्या गुन्ह्याची किंमत एवढी ठरलेली असते तो गुन्हा नसतो, तो दरपत्रकातला माल असतो. दुसरा आक्षेप असा की हे सारे आता कमी झाले आहे. हे खरे आहे. केवळ मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू आता जवळपास दिसत नाही. परंतु आपली भूक कमी झाली आहे काय? १५ फेब्रुवारी २०२५ रोजी माँट्रियल येथे अमेरिका आणि कॅनडा यांच्या सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. त्या सामन्यात पुढे काय झाले हे आठवायला अनेकांना विचार करावा लागेल. नऊ सेकंद मात्र सर्वांच्या मोबाइलमध्ये हसून हसून फिरले. तिसरा आक्षेप असा की खेळाडू सज्ञान आहेत, पैसे घेतात. घेतात. पण निवृत्त खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींबाबत लीगने २०१८ साली सुमारे १.९ कोटी डॉलरची तडजोड केली, तीही आपला दोष मान्य न करता. सौदा कोणत्या अटींवर चालतो ते यावरून दिसावे.

चौथा आक्षेप मात्र वाङ्मयीन आहे आणि म्हणून गंभीर आहे: मग काळा विनोद तुम्ही हद्दपार करणार का? मुळीच नाही. दात गमावलेला खेळाडू स्वतःच्या बोळक्यावर विनोद करतो तेव्हा तो मला मान्य आहे. जखम त्याची, हसण्याचा अधिकार त्याचा. कोल्हटकरांचा सुदामा रूढींची कड घेतो आणि तसे करताना स्वतःच हास्यास्पद ठरतो. लेखकाने आपल्या निवेदकालाच बाणाच्या टप्प्यात उभे केले आहे. कसोटी हीच. विनोद करणारा त्या विनोदाच्या टप्प्यात आहे की नाही? टोरंटोचा रसिक आहे. प्रेक्षागृहात उबदार बसून, किंवा माझ्यासारखा पहाटे चहाचा कप घेऊन, दुसऱ्याच्या जबड्यावर हसणारा नाही.

आणि उपहास प्रेक्षकावरच रोखला तरी प्रेक्षक तो कसा चुकवतो याचेही उदाहरण आहे. १९७७ साली आलेला 'स्लॅप शॉट' हा चित्रपट नॅन्सी डाउड यांनी लिहिला. बंद पडत चाललेल्या गिरणीच्या गावातला बुडता संघ हाणामारी विकून तिकिटे खपवतो, ही त्याची कथा. त्यातला खरा आरोपी आहे टाळ्या पिटणारा प्रेक्षक. त्या प्रेक्षकाने काय केले? चित्रपटातील चष्मेवाल्या हाणामारीबहाद्दर हॅन्सन बंधूंनाच डोक्यावर घेतले. आरोपपत्र त्याने पाठ केले आणि विनोद म्हणून ऐकवत राहिला. येथे 'विनोद आहे तो' हे वाक्य नेमके काय काम करते ते दिसते. ते विनोदाचे रक्षण करीत नाही, हसणाऱ्याचे करते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. हॉकीच्या रसिकांनी गंभीर व्हावे असे मी म्हणत नाही. गंभीर रसिकाइतका कंटाळवाणा प्राणी दुसरा नाही. अष्टपाद फेकावेत, उंदीर फेकावेत, १९६७ चे भजन अखंड चालू ठेवावे. फक्त जेथे करुणाची जागा आहे तेथे हसून वेळ मारून नेऊ नये. आणि आपण जे साहित्याचे अध्यापन करतो त्यांनी अशा लेखनाकडे पाहताना कौतुकाची आणि आक्षेपाची, दोन्हीची तयारी ठेवावी. एकीशिवाय दुसरीला अर्थ नाही.

परवा तेच सहकारी जिन्यात भेटले. म्हणाले, "काय सर, तुमच्या टोरंटोचं काय झालं मग?" मी म्हणालो, "सर, अजून सदुसष्टच चालू आहे." ते मोकळेपणाने हसले. मीही हसलो. या हसण्यावर माझा काही आक्षेप नाही.