कुंडीतला निवडुंग आणि पांढरा कापूस



बँकेत आयुष्यभर इतरांच्या ठेवी सांभाळल्या. निवृत्तीनंतर स्वतःसाठी जी ठेव जमवली, ती पाहून पाहुणे हसतात. पेणकरपाड्यातील आमच्या सदनिकेच्या खिडकीच्या जाळीत नऊ कुंड्या आहेत आणि त्या सर्वांत फड्या निवडुंगाच्या कुळातील बुटकी झाडे आहेत. सर्वांत उंच झाड वीतभरही नाही. काटेरी झाड घरात ठेवू नये, असे सांगणारे आप्त पुष्कळ आहेत. परंतु कमी जागा, कमी पाणी आणि कमी अपेक्षा असलेला असा सोबती मला दुसरा मिळाला नाही.

ज्याला आपण याचे पान समजतो, ते वस्तुतः खोड असते. दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड आपली सूक्ष्म रंध्रे रात्री उघडते आणि हवा आत घेऊन ठेवते. लागवड सोपी आहे. एक फड वेगळा करून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावा. जखम सुकली की कुंडीत उभा करावा. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि दोन भाग जाड वाळू व विटांचा चुरा, हे प्रमाण मला मानवले. मात्र आपल्याकडचा पाऊस हा त्याचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर कुंड्या छताखाली आणि जवळजवळ कोरड्या ठेवाव्यात. मोठ्या काट्यांपेक्षा केसांसारख्या बारीक कुसळांना जपावे. घडी घातलेल्या वर्तमानपत्रात धरूनच फड हाताळावा. कुसळे बोटात गेलीच, तर चिकटपट्टीने बरीचशी निघतात.

छायाचित्रासाठी माझ्याकडे साधा मोबाईल आणि त्यावर लावायची छोटी भिंग आहे. वरून काढलेले चित्र सपाट येते. म्हणून मी जमिनीवर बसून फडाच्या उंचीवर येतो. सकाळचे ऊन झाडाच्या मागून येत असेल आणि मागे काळा कागद असेल, तर प्रत्येक कूस सोन्याच्या तारेसारखी उजळते. हात हलू नये म्हणून मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

गेल्या दिवाळीनंतर असेच एक चित्र काढले. फडाच्या बेचक्यात कापसाचा पांढरा ठिपका होता. चित्र मोठे करून पाहिले, तो त्या कापसाला पाय होते. पिठ्या ढेकूण! मुलाने फोनवर सांगितले, “बाबा, आजच औषध फवारा, नाहीतर नऊही कुंड्या जातील.” सौभाग्यवती चित्राकडे पाहत म्हणाली, “अहो, कापूस समजत होतात तोवर गोष्ट निराळी होती. आता पाय दिसले आहेत.”

त्या रात्री वाचता वाचता या कीटकाच्या एका नातलगाशी गाठ पडली. त्याचे नाव कोचिनील. तोही निवडुंगावरच जगतो, तोही अंगावर पांढरा कापूस पांघरतो. परंतु चिरडला तर गडद लाल होतो. मादी कीटक वाळवून त्यांपासून किरमिजी रंग काढतात. एकेकाळी मेक्सिकोतून स्पेनकडे जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल मोल या रंगाचे होते. त्या व्यापाराच्या लोभाने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या देशात निवडुंगाची लागवड केली आणि 1795 मध्ये कॅप्टन नील्सन याने रिओ दि जानेरोहून कीटक कलकत्त्यास आणले. कीटक निघाला हलक्या जातीचा. रंगाचा धंदा बुडाला, निवडुंग मात्र रानोमाळ पसरला. पुढे तो हटवण्यासाठीही कीटकच वापरले. दक्षिणेतील निवडुंगावर 1926 मध्ये श्रीलंकेहून दुसरी जात आणून सोडण्यात आली. चुकलेल्या गुंतवणुकीचा हिशेब शतकाहून अधिक काळ चालला.

व्यापारी वाचकांना सांगायचे ते एवढ्यासाठी, की तो रंग आजही बाजारात आहे. गोळ्या, जेली, गुलाबी पेये, ओठांची लाली अशा मालात तो ‘कार्माइन’ या नावाने किंवा खाद्यरंगाच्या 120 या क्रमांकाने येऊ शकतो. अमेरिकेत 2011 पासून पाकिटावर त्याचे नाव लिहिणे सक्तीचे आहे. आपण कंदमुळे वर्ज्य करतो, रात्रीचे भोजन टाळतो आणि नातवंडांच्या हाती लाल गोळी देताना पाकीट उलटून पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

फवारणी केली नाही. कीड लागलेला फड अलगद कापून दहाव्या कुंडीत लावला आणि सज्जाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. बाकीच्या झाडांच्या बेचक्या रोज भिंगातून तपासू लागलो. नऊ झाडे वाचली. दहावा फड दोन महिन्यांत सुकला. त्यावरील जीवांचे काय झाले, ते सांगायला अवघड नाही. तेव्हा माझी तडजोड निर्दोष होती, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सौभाग्यवतीने ती रिकामी कुंडी अजून हलवू दिलेली नाही.

या महिन्यात एवढेच करावे: दुकानातील आणि स्वयंपाकघरातील लाल रंगाच्या पाकिटांवरील बारीक अक्षरे वाचावीत. चष्म्याने न दिसल्यास मोबाईलने चित्र काढून मोठे करावे. पुष्कळ काही दिसते.