पुन्हा पेटी

माळ्यावरून पेटी खाली काढली तेव्हा भाता फाटलेला आणि दोन सूर मुके. दुरुस्तीला दिली. कारागिराने पहिला प्रश्न विचारला, "मुलीसाठी का?" म्हटलं, नाही हो, माझ्यासाठीच!

आठवीत 'प्रवेशिका पूर्ण' झाले आणि पेटी मिटली, ती ३४ वर्षं. दोष माझाही आहे, पण परीक्षेचा जास्त. ठरलेले राग, ठरलेल्या ताना, निकाल लागला की सुटलो. आता नातेवाईक कौतुकाने विचारतात, "मग, मध्यमा देणार का?" मंडळी, नाही देणार. पन्नाशी जवळ आल्यावर तरी एखादी गोष्ट मार्कांशिवाय करू द्या की!

तसंही या वाद्याने नापास होणं भरपूर सोसलंय. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर चक्क बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर कीर्तनात, भजनात, घराघरांत ती आपली वाजतच होती. असो.

सध्या रोज रात्री वीस मिनिटं भूप. बोटं जड झालीत, डाव्या हाताचा भाता मधेच थांबतो. काल चुकून निषादावर बोट पडलं, तर आतल्या खोलीतून आईचा आवाज, "भूपात नी कुठून आला गं?"

हल्ली तिला माझं नावसुद्धा रोज आठवत नाही.

मी मुद्दाम पुन्हा चुकले.