चिमूटभर मिश्री

परवा जालन्यात आमच्या भिशीत विषय निघाला ई-सिगारेटचा. कुणाच्या तरी पुण्यात शिकणाऱ्या भाचीच्या पर्समध्ये सापडली म्हणे. 'पेनासारखी दिसते' इथपासून 'मुलींना काही धरबंधच उरला नाही' इथपर्यंत चर्चा रंगली. तेवढ्यात एक काकू उठून मोरीवर गेल्या. परत आल्या तेव्हा बोट काळं! मिश्री लावून आल्या होत्या. त्यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

खरं सांगू? निकोटिन दोन्हीकडे तेच. ई-सिगारेटवर २०१९ मध्ये देशभर बंदी आली, ते बरंच झालं. पण २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत शंभरातल्या जेमतेम तिघांनी तिचं नाव ऐकलेलं होतं. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण १७ टक्के बायका तंबाखू घेत होत्या. त्यातल्या बहुतेकींची तंबाखू बिनधुराची, म्हणून ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. दाढ दुखते म्हणून पहिली चिमूट मिळते ती बहुधा आईच्या किंवा सासूच्याच हातून. मग 'लावल्याबिगर परसाकडला होत नाही' असं होतं. भल्या पहाटे उसाच्या फडात निघालेलीची तेवढीच भूक मरते. याला आपण व्यसन म्हणतच नाही, दात घासणं म्हणतो!

तोंडाच्या कॅन्सरचं भय तर आहेच, पण पोटातल्या बाळाचं काय? मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्याही त्यांच्यात जास्त निघाल्या. अशक्त आईच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हेत.

म्हणून तपासणीला आलेल्या बाईला 'तंबाखू खाता का?' एवढंच विचारून भागणार नाही. ती 'नाही' म्हणेल, आणि तिच्या मते ते खरंच असेल. 'मिश्री लावता का?' असं विचारायला हवं. तेही न रागावता. वर्षानुवर्षांची सवय टोमण्यांनी सुटत नसते. तंबाखू सोडायला मदत करणारी १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

पुढच्या भिशीत मी हा नंबर सगळ्यांना लिहून देणार आहे. भाचीच्या मावशीला देईन, आणि काकूंनाही.