हे परीक्षेला आहे का?

दिवाळी अंक आता वाचतं कोण, असा प्रश्न दरवर्षी निघतो. उत्तर आम्हा संपादकांना ठाऊक असतं, फक्त जाहिरातदारांसमोर ते बोलायचं नसतं: बहुतेक साठी ओलांडलेले. त्यांची पत्रं येतात, तीही मुद्रणदोष दाखवणारी. इतकं बारकाईनं वाचणाऱ्यांसाठी आपल्याकडे आहे काय? भजनी मंडळ, हास्यक्लब, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर व्याख्यान.

न्यूयॉर्कच्या काही निवृत्त शिक्षकांचं अशानं भागलं नाही. १९६२ साली ‘न्यू स्कूल’ या संस्थेत त्यांनी आपले वर्ग सुरू केले. विषय ठरवणारे तेच, शिकवणारेही तेच. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझच्या विद्यापीठात पिएर वेला यांनी निवृत्तांसाठी दार उघडलं, तिथे शिकवायला मात्र प्राध्यापक. अमेरिकेत २००१ पासून बर्नार्ड ऑशर यांच्या प्रतिष्ठानाच्या देणग्यांमुळे असे वर्ग शंभराहून अधिक विद्यापीठांत पोचले. पन्नाशीपुढच्या कुणीही यावं. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही.

परीक्षा नाही म्हणजे अभ्यासही नाही, असं आपल्याला लगेच वाटतं. पण हजेरीची सक्ती नसताना जो भूगर्भशास्त्राच्या तासाला येतो, तो प्रश्न घेऊनच येतो. ‘हे परीक्षेला आहे का?’ एवढा एक सोडून सगळे विचारतो.

यात खोट आहेच. शुल्क भरून येणारे बहुधा आधीच शिकलेले. याउलट मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा भरली, ती विद्यापीठाची नव्हे. गुलाबी लुगडी, पाठीवर दप्तर, हातात पाटी. अक्षर गिरवायला बसलेल्या त्या आज्या श्रोत्या नव्हेत, विद्यार्थिनी आहेत. श्रोते तर आधीपासूनच आहेत: पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आली. ऐकण्याची परंपरा आपल्याकडे दांडगी. व्याख्यात्याला मध्येच थांबवून ‘हे कशावरून?’ विचारण्याची मात्र नाही.

नावात ‘आजीवन’ असलेले विभाग आपल्या विद्यापीठांतही आहेत. तेव्हा मागणी साधी आहे. संध्याकाळी कुलूपबंद पडून राहणाऱ्या वर्गखोल्यांपैकी दोन-चार तरी, आठवड्यातून एकदा, उघडाव्यात. पुरातत्त्व, खगोलशास्त्र, मोडी, जे शिकवता येईल ते शिकवावं, निवृत्तांमधल्या जाणकारांनाही शिकवू द्यावं. प्रवेशासाठी दाखले मागू नयेत. आणि खोल्या शक्यतो तळमजल्यावरच्या असाव्यात.