शंभर कोटींचा खोटा गज

१/१४
मराठीतला सर्वकालीन यशस्वी चित्रपट कोणता? ‘सैराट’, ‘बाईपण भारी देवा’, ‘वेड’ अशी कोटींच्या उतरत्या क्रमाने लावलेली यादी दर काही दिवसांनी फिरते आणि ‘इतिहास’ म्हणून स्वीकारली जाते. कापड मोजण्याआधी गज तपासावा, हा इतिहासाचा पहिला नियम आहे. ही यादी तो मोडते.

२/१४
येथे गज म्हणजे रुपया, आणि तो दरवर्षी आखूड होतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ या पायाभूत वर्षांची मालिका जोडली, तर १९६० च्या एका रुपयाचे काम करायला २०१६ मध्ये साठाहून अधिक रुपये लागत. ‘मुघल-ए-आझम’चा खर्च दीड कोटीच्या आसपास सांगितला जातो. २०१६ च्या भावाने तो नव्वद कोटींच्या पुढे जातो.

३/१४
शंभर कोटींचा ‘क्लब’ रूढ झाला तो २००८ च्या ‘गजनी’पासून. त्या वर्षापासून २०२४ पर्यंत हाच निर्देशांक सुमारे पावणेतीन पटींवर गेला. म्हणजे २०२४ मधले शंभर कोटी हे २००८ च्या हिशेबाने जेमतेम पस्तीस-छत्तीस कोटी. उंबरठा निम्म्याहून खाली आला, तरी आत शिरणाऱ्याच्या नावाने तोच चौघडा वाजतो. प्रत्येक नवा ‘विक्रम’ काही अंशी महागाईनेच बहाल केलेला असतो.

४/१४
यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले: ‘मग महागाईची जुळवणी करावी.’ उत्तर योग्य दिशेचे आहे, पण अर्धे आहे. कोणत्या वस्तूच्या भावाने जुळवणी करायची, हा प्रश्न त्यात गिळला जातो. आणि उत्तर तर त्या निवडीवरच ठरते. एकच उदाहरण तीन गजांनी मोजून पाहावे.

५/१४
‘माहेरची साडी’, १९९१. दिग्दर्शक विजय कोंडके, नायिका अलका कुबल. या चित्रपटाच्या कमाईचा सर्रास सांगितला जाणारा आकडा बारा कोटींचा. तो तूर्त मान्य करून २०१६ च्या, म्हणजे ‘सैराट’च्या वर्षाच्या भावात आणू.
निर्देशांक या काळात सुमारे सहापट झाला. उत्तर: ७२ कोटींच्या आसपास.

६/१४
आता सोने. १९९१ मध्ये दहा ग्रॅमचा सरासरी भाव साडेतीन हजारांच्या जवळ, २०१६ मध्ये साडेअठ्ठावीस हजारांच्या वर. वाढ आठपटीहून अधिक. त्याच बारा कोटींचे झाले सुमारे ९९ कोटी. ‘सैराट’ने ओलांडलेली शंभर कोटींची रेषा आता हाताच्या अंतरावर आली. चित्रपट तोच, प्रेक्षक तेच. बदलला फक्त तराजू.

७/१४
आता वऱ्हाडचे सोने, म्हणजे कापूस. १९९१-९२ मध्ये एच-४ कापसाचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला ८४० रुपये होता. २०१६-१७ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा ४,१६०. वाढ पाचपटीलाही किंचित कमी. बारा कोटींचे झाले सुमारे ५९ कोटी.
एकोणसाठ, बहात्तर, नव्याण्णव. यातले ‘खरे’ कोणते? तिन्ही, आणि म्हणून एकही पुरेसे नाही.

८/१४
हा फरक केवळ गणिती कुतूहलाचा नाही. बाजारभाव सहापट वाढले आणि कापसाचा हमीभाव पाचपटही नाही, याचा अर्थ तिवसा तालुक्यातल्या कापूसउत्पादकासाठी तेच मनोरंजन तुलनेने महाग झाले. शिवाय निर्देशांकही कोणा एका समूहाचा असतो. वर वापरलेला आहे औद्योगिक कामगारांचा. शेतमजुरांची स्वतंत्र मालिका आहे, २०२५ पर्यंत तिचे पायाभूत वर्ष १९८६-८७ होते. चित्रपटाच्या याद्यांत ती कुणी वापरल्याचे दिसत नाही.

९/१४
रुपयाच्या गजाचा सर्वांत मोठा अन्याय येथेच आहे. समजा, पुण्यातल्या मल्टिप्लेक्सचे तिकीट अडीचशे रुपये आणि तालुक्याच्या गावातल्या टॉकीजचे पन्नास. मग यादीत एका पुणेकराच्या बरोबरीला पाच गावकरी लागतात. तिवशाचा मजूर अमरावतीला जाऊन चित्रपट पाहील, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी तो भरतो. गल्ल्यात मात्र त्याचे फक्त तिकीट मोजले जाते. यात्रेतल्या तंबूत बसणारा प्रेक्षक तर या इतिहासात जवळजवळ अदृश्य आहे.

१०/१४
आणि हा मुलूख चित्रपटव्यवसायाच्या परिघावरचा नव्हता. वितरकांच्या नकाशात ‘सी.पी.-बेरार’ हा स्वतंत्र विभाग. अमरावती आणि भुसावळ ही त्या व्यवहाराची जुनी ठाणी. १९५० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे राजकीय नाव पुसले गेले, पण चित्रपटाच्या बाजारात ते टिकले. मुंबई विभागाच्या तुलनेत येथले हक्क कमी भावाने विकले जात. कमी भाव म्हणजे कमी प्रेक्षक, ही समजूत त्या व्यवहारातून इतिहासात झिरपली.

११/१४
‘गल्ला’ हा शब्दही तपासावा लागतो. एकूण विक्री, कर वजा जाता उरलेली रक्कम आणि वितरकाचा हिस्सा हे तीन वेगळे आकडे. याद्यांत ते एकाच रांगेत बसतात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत महाराष्ट्रात हिंदी चित्रपटाच्या तिकिटावर ४५ टक्क्यांपर्यंत करमणूक कर होता, तर मराठी चित्रपट करमुक्त. अशा दोन चित्रपटांची एकूण विक्री शेजारी ठेवणे म्हणजे एक पोते बारदानासह आणि दुसरे बारदानाशिवाय तोलणे. निर्मितीखर्चाचे आकडे तर बहुधा प्रसिद्धीसाठी सांगितलेले असतात. लेखापरीक्षित ताळेबंद क्वचितच कुणी दाखवतो.

१२/१४
मग मोजायचे काय? तिकिटे. फ्रान्स आणि दक्षिण कोरिया येथे चित्रपटाचे यश प्रामुख्याने प्रेक्षकसंख्येने सांगितले जाते. १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्याचे रुपये आज क्षुल्लक दिसतील, माणसे दिसणार नाहीत. आक्षेप येईल की लोकसंख्याही वाढली. बरोबर: महाराष्ट्र १९९१ मध्ये ७.८९ कोटींचा होता, २०११ मध्ये ११.२४ कोटींचा. म्हणून दर हजार लोकांमागे किती तिकिटे, हे प्रमाण काढावे. ते दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीचा परिणाम पुसणार नाही, पण माणसाची किंमत त्याच्या खिशावरून ठरवणार नाही.

१३/१४
‘जुन्या काळाची तिकीटसंख्या मिळणार कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ चा, मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३६ चा. कर तिकिटावर होता, त्यामुळे विक्रीचा हिशेब चित्रगृहाला ठेवावा लागे. वितरकाला रोजच्या वसुलीचे पत्रकही जाई. तिकीटवह्या, पत्रके, हप्त्यांच्या जाहिराती ही खरी साधने. बंद पडलेल्या टॉकीजच्या कार्यालयात आणि वितरकांच्या कपाटांत जे उरले असेल, ते रद्दीत जाण्याआधी उतरवून घेणे हे इतिहासप्रेमींचे काम आहे. कोटींची यादी पुढे ढकलायला क्षणभर पुरतो. या कामाला उन्हाळ्याची सुट्टी लागेल.

१४/१४
‘सैराट’चे यश यामुळे उणे होत नाही, ‘माहेरची साडी’ आपोआप वरचढही ठरत नाही. ठरते इतकेच: ज्या यादीत वर्ष, कर, तिकिटाचा दर आणि प्रेक्षकसंख्या नाही, ती जाहिरात आहे, इतिहास नव्हे. पुढच्या वेळी कोटींचा आकडा समोर आला, की चार प्रश्न विचारावेत. कोणत्या सालचे रुपये? कराआधीचे की नंतरचे? आकडा सांगितला कुणी? आणि त्यामागे माणसे किती?