‘सी’ घालू की ‘एस’?

लोअर परळच्या एका ऑफिसने माझी कॉपी परत पाठवली. का? तर ‘डिफेन्स’च्या स्पेलिंगमध्ये ‘सी’! क्लायंट अमेरिकन, त्याला १८२८ च्या वेबस्टर डिक्शनरीतला ‘एस’ हवा. शाळेत याच ‘एस’साठी मार्क कापले होते, आता चेक अडकला.

वैतागून लालबागला घरी आले, बाबांसोबत टीव्हीवर कबड्डी लावली. टेस्ट मॅचमध्ये थरार ५ दिवस मुरतो. इथे रेडरकडे ३० सेकंदच. समोर उरले तिघे. पकडलं तर सुपर टॅकल, २ गुण! एकेकाळी गिरणीच्या टीममधून खेळलेले बाबा खुर्चीतून उठून ओरडले, ‘‘अरे, पाय धर!’’

त्यांना ना ‘सी’ची फिकीर, ना ‘एस’ची. पण डिफेन्स? तो त्यांच्याकडूनच शिकावा. मी मुकाट ‘एस’ घातला. चेक तेवढा पकडायचाय ना!