नव्या खेळाआधी लॅपटॉप तपासा

अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर मुलांना नवा व्हिडिओ गेम हवा असतो. ‘रॅम वाढवा, चालेल,’ असा सल्लाही कुणीतरी देतो. पण रॅमवर पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटे काढून पुढील तपासणी करा.

विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील परफॉर्मन्स विभागात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि जीपीयू म्हणजेच ग्राफिक्स चिप यांची माहिती असते. ती कागदावर उतरवा आणि खेळाच्या विक्रीपानावरील ‘किमान गरज’शी ताडून पाहा.

उदाहरणार्थ, २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला किमान १६ जीबी रॅम, एसएसडीवर १२० जीबी जागा आणि रे ट्रेसिंग करू शकणारे ग्राफिक्स कार्ड लागते. तुमच्या यादीत फक्त इंटेल यूएचडी असेल, तर रॅम कितीही वाढवली तरी हा खेळ चालणार नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बदलता येते, ग्राफिक्स चिप मात्र सहसा बदलता येत नाही. म्हणून आधी तीच पाहावी.

तरीही शंका असेल, तर स्टीमवरून खेळ घ्यावा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास तेथे पैसे परत मागता येतात. आणि नवा खेळ नाहीच चालला, तर मुलांना जुने, हलके खेळ सुचवा. गंमत त्यांतही कमी नाही!